विमलमावशीचा वास

एका जंगलात ओढ्याकाठी मातीची एक उभी दरड होती. जंगल कुठलं ते विचारू नका मुलांनो. तिथे पत्ते नसतात, म्हणून तर तिथे कुरिअरवाला येत नाही आणि सगळे सुखात असतात.

त्या दरडीत घाममाश्या राहायच्या.

घाममाशी म्हणजे मधमाशीच्या चुलत घराण्यातली बारकी माशी. तांदळाच्या दाण्याएवढी. मधमाशी मध करते, म्हणून तिच्यावर शाळेत धडा असतो. घाममाशी घाम चाटते, म्हणून तिच्यावर नसतो. तसं पाहिलं तर तीही फुलाफुलांवर राबते, पराग आणते, सगळं करते. फक्त तिला अधूनमधून मीठ लागतं. एवढ्यावरून बाईचं नाव खराब झालं.

दरडीत त्यांच्या नाना तऱ्हा होत्या. कुणी हिरवीगार, जरीच्या पदरासारखी चमकणारी. कुणी घासलेल्या तांब्यासारखी. कुणी साधी काळी, पण स्वतःला सावळी म्हणणारी. राहायच्या तऱ्हा तर आणखी वेगळ्या. एका बिळात एकच बाई एकटी राहायची आणि शेजारणीने हाक मारली तरी ओ द्यायची नाही. तिच्या खालच्या बिळात आई राणी होऊन बसली होती आणि लेकी मरमर राबत होत्या. याला त्या घरात संस्कार म्हणायचे. तिसऱ्या बिळातल्या माश्या हवामान बघून ठरवायच्या. उन्हाळा लांबला की एकत्र कुटुंब, थंडी लांबली की वेगळ्या चुली. त्यांच्यात भांडण असं कधी झालं नाही. सगळं खापर हवामानावर फुटायचं.

आपली हौसा चौथ्या बिळात राहायची. हिरवीगार, धडपडी, जरा विसरभोळी.

चौथ्या बिळाला दार एकच होतं, पण आत प्रत्येकीची खोली वेगळी. आई म्हणजे आक्का, आणि तिच्या तीन लेकी. थोरली द्वारका, मधली चांगुणा, धाकटी हौसा. खोलीत काय करायचं? परागाचा लाडू वळायचा. लाडवावर एक अंडं ठेवायचं. मग खोलीचं तोंड ओल्या मातीने लिंपून टाकायचं. लिंपलं की बाळ सुखरूप. आत बसून लाडू खातं आणि मोठं होऊन बाहेर येतं.

द्वारका मात्र दारात बसायची. तिचं डोकं बरोब्बर दाराच्या मापाचं होतं. तिने डोकं लावलं की दार बंद, काढलं की उघडं. कुणी आलं की ती बघायची. "कोण? हौसे का? ये." झालं. फारच वाद घालणारं कुणी आलं, तर ती आतल्या आत वळायची आणि डोक्याऐवजी पार्श्वभाग लावून दार बंद करायची. पार्श्वभागाशी कोण किती वाद घालणार?

असं सगळं बरं चाललं होतं. म्हणजे आता काहीतरी बिघडणार, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

एक दिवस दारात विमलमावशी आली.

विमलमावशी आक्काच्या मावसबहिणीच्या जावेच्या माहेरची होती. पोट लालभडक, जशी काही कुंकवाच्या करंड्यात बसून आली होती. "पाय दुखतो गं," ती म्हणाली. "दोन दिवस पडते इथे." द्वारकेने तोंड बघितलं. तोंड पाहुणीसारखं होतं. घेतली आत.

चांगुणाच्या एक गोष्ट लक्षात आली. पराग आणायचा तर मागच्या पायांना दाट केस लागतात, त्यात तो अडकतो. मावशीच्या पायांना एक केस नव्हता.

"मावशी, तुमच्या पायांना केस कसे नाहीत?"

"वॅक्सिंग," विमलमावशी म्हणाली.

सगळ्यांना ते पटलं.

विमलमावशी त्याआधी आठवडाभर वरच्या एका बिळात पाहुणी होती. तिथलं एक अंडं नुकतंच नाहीसं झालं होतं. कुणीतरी ते खाऊन त्याच लाडवावर स्वतःचं अंडं ठेवून गेलं होतं. मावशीला सगळी हकिगत बारीकसारीक तपशिलासकट माहीत होती. कोणती खोली, कोणती वेळ, अंड्याची चव.

"चव?" हौसाने विचारलं.

"चांगली असणार, असं लोक म्हणतात," मावशी म्हणाली. "पण मी काय म्हणते, तुम्ही अजून तोंड बघून आत घेता? अगं, तोंड काय, कुणालाही असतं. आमच्याकडे सगळं वासावर चालतं. घराचा वास ठरलेला. जुळला तर आत, नाही जुळला तर बाहेर. मग कुणी का असेना."

द्वारकेचे डोळे चमकले. इतकी वर्षं ती नुसतीच दारात बसत होती. आता ती पडताळणी करणार होती.

"उद्या भर दुपारी सगळ्यांनी घरात हजर राहायचं," ती म्हणाली. "प्रत्येकीचा वास घेतला जाईल. सगळ्यांचा मिळून घराचा वास ठरेल. गैरहजर राहिलात तर मी जबाबदार नाही."

"बरं बाई," आक्का म्हणाली. द्वारकेला एखादी गोष्ट करू दिली की ती तीन-चार दिवस शांत असते, असा आक्काचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी हौसाने सकाळीच लाडू पुरा केला. गोल, पिवळाधम्मक, एकही भेग नाही. त्यावर तिने अंडं ठेवलं. पहिलंच अंडं. जरा लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं, डावीकडून बघितलं. आता फक्त तोंड लिंपायचं राहिलं होतं. त्याला ओली माती हवी.

"ताई, ओढ्यावरून माती घेऊन आलेच," ती दारात म्हणाली. "दोन मिनिटं."

"दुपारच्या आत ये."

"आलेच गं."

आणि ती आलीही असती. पण ओढ्यावर दौलत होता.

दौलत म्हणजे वरातीचा घोडा. अकरा वर्षं नवरदेवांना पाठीवर घेऊन बँडपुढे नाचला, मग कंटाळून जंगलात राहायला आला. पण सवय जाईना. कुठे जरा ठेका ऐकू आला की त्याचे पाय आपोआप नाचायला लागायचे. आणि ओढ्याकाठच्या सावरीवर एक सुतारपक्षी राहायचा. रोज दुपारी तो झाडावर टकटक सुरू करायचा आणि रोज दुपारी दौलत रडकुंडीला येऊन नाचायचा.

"अरे थांब रे बाबा! गुडघे गेले माझे!" तो ओरडायचा आणि गिरकी घ्यायचा.

नाचून नाचून तो घामाने निथळायचा. ताजा, खारट, अस्सल घाम. जंगलातल्या सगळ्या घाममाश्या त्या वेळी तिथे असायच्या. त्या दिवशीही होत्या. आक्का होती, चांगुणा होती. हौसा म्हणाली, एकच घोट घेते. मग म्हणाली, मानेवरचा तेवढा बघते.

दुपार झाली. दुपार गेली.

घरात हजर कोण होतं? द्वारका आणि विमलमावशी.

द्वारका नियमाची पक्की. वेळ झाली म्हणजे झाली. हजर असलेल्यांचा वास तिने घेतला. स्वतःचाही घेऊन पाहिला, पण स्वतःचा वास स्वतःला कुठे येतो? तो आला शून्य. राहिला विमलमावशीचा. त्याला तिने घराचा अधिकृत वास ठरवलं.

थोड्या वेळाने हौसा तोंडात ओल्या मातीची गोळी धरून लगबगीने दारात आली.

द्वारकेने हुंगलं. "वास जुळत नाही."

हौसाने गोळी खाली ठेवली. "ताई, मी हौसा."

"मला दिसतंय तू हौसा आहेस. माझी सख्खी बहीण आहेस. लहानपणी तुला मीच सांभाळलंय. पण वास जुळत नाही. घोड्याचा येतोय."

"अगं, रोजच येतो!"

"रोज पडताळणी नव्हती."

"ताई, माझ्या खोलीचं तोंड उघडं आहे. अंडं आहे आत. मला नुसतं लिंपू दे, मग काय वास घ्यायचा तो घे."

"आत येऊन लिंपशील ना? आत यायला वास लागतो."

तेवढ्यात आक्का आणि चांगुणा आल्या. आक्का सरळ पुढे झाली. "द्वारके, सर बाजूला. मी तुझी आई."

"आक्का, पाया पडते," द्वारका म्हणाली, आणि दारातून वाकून खरोखरच पाया पडली. मग तिने हुंगलं. "जुळत नाही."

"अगं, हे बीळ मी खणलंय! या दोन जबड्यांनी!"

"त्याबद्दल आदर आहेच," द्वारका म्हणाली. आणि तिने वळून पार्श्वभाग लावला. म्हणजे चर्चा संपली.

तिघी बाहेर उभ्या राहिल्या. एवढ्यात तीन लालभडक माश्या डुलत डुलत आल्या. पायांना केस नाहीत, पाठीवर ओझं नाही. "विमलमावशी इथेच असते ना? आम्ही तिच्या भाच्या."

पार्श्वभाग गेला, डोकं आलं. द्वारकेने हुंगलं आणि तिचा चेहरा उजळला. रक्ताचं नातं ते, वास तर जुळणारच.

"या, या! घरच्याच की तुम्ही!" ती म्हणाली. "पाय दुखत असतील. पडा जरा."

भाच्या आत गेल्या. आतून विमलमावशीचा आवाज आला, मजेत, जेवायला बसताना येतो तसा. "द्वारके, कुणाच्या खोलीचं तोंड उघडं आहे गं?"

"हौसाच्या. डावीकडे शेवटची."

"अस्सं. दिवस मावळला की बघते जरा. आत्ताच खाल्लंय."

सूर्य सावरीच्या शेंड्याला टेकला होता.

मुलांनो, अशा वेळी गोष्टीतले प्राणी शहाण्या घुबडाकडे जातात. त्या जंगलातलं घुबड पाच वाजेपर्यंत झोपायचं आणि सहाला फिरायला जायचं, त्याला गाठणं अवघड. म्हणून हौसा आक्काला आणि चांगुणाला घेऊन दौलतकडे गेली. तो पाय ओढ्यात बुडवून बसला होता.

सगळं ऐकून त्याने मान हलवली. "असंच असतं. एकदा काय झालं, माझ्यावरचा नवरदेव मध्येच लघवीला उतरला. तेवढ्यात त्याचा मेहुणा गंमत म्हणून वर चढून बसला. आणि बँड सुरू झाला. बँड सुरू झाल्यावर मी थांबतो का? आलो नाचत मांडवात. दारात मेहुण्याला ओवाळलं."

"आणि नवरदेव?"

"मागून पायी आला. म्हणाला, नवरा मी. लोक म्हणाले, घोडा कुठाय?"

"मग?"

"मग काय. मेहुण्याचं लग्न लागलं. त्याचं आधी एक झालं होतंच. पण ओवाळलं होतं ना त्याला." दौलतने सुस्कारा सोडला. "हे बघ हौसाबाई, दारात नवरा कोण ते बघत नाहीत. घोड्यावर कोण आहे ते बघतात. तू उगाच मी हौसा, मी हौसा करत बसलीस."

हौसा म्हणाली, "दौलतदादा, जरा नाचता का?"

"आत्ता? सुतार झोपला असेल."

हौसाने खालून एक खडा आक्काला दिला आणि एक चांगुणाला. दोघींनी झाडावर ठेका धरला. टक टक, टकाटक. दौलतचे कान उभे राहिले. "नको गं बायांनो," तो म्हणाला आणि गिरकी घेतली. हौसाने पोट भरून घाम घेतला, गालही भरून घेतले, आणि दरडीच्या बाजूने अशी सुसाट गेली की बास.

दारात ती गेलीच नाही. तिची खोली डावीकडे शेवटची. बाहेरच्या बाजूने मोजलं तर चार बोटं माती. घाममाशीला खणता येतं, हे द्वारका विसरली होती, कारण तिने कित्येक वर्षांत खणलं नव्हतं. हौसा खणायला लागली. जबड्याने उकरायचं, पायाने मागे सारायचं, अंगाने भिंत दाबायची. घराच्या मातीत ती अशी माखली की हिरवी होती हेही ओळखू येईना. एक बोट झालं. दोन झाली. बाहेर उजेड तांबूस झाला. तिसऱ्या बोटाला खडा लागला, त्याला वळसा घातला.

आणि भिंत फुटली.

समोर लाडू होता. लाडवावर अंडं होतं. आणि अंड्यावर विमलमावशी आ वासून वाकली होती.

हौसाने तिच्यावर झेप घेतली. लाथा, बुक्क्या, चावे. दोघी एकमेकींत अशा गुंतल्या की कुठला पाय कुणाचा ते कळेना. मावशीच्या अंगाचा होता नव्हता तो सगळा वास हौसाच्या अंगाला लागला. मग हौसाने गाल दाबले आणि दौलतचा सगळा घाम मावशीच्या अंगावर फुर्रकन उडवला. पोटातला राहिला होता, तोही उडवला.

"चोर! चोर!" मावशी किंचाळली.

द्वारका धावत आली. खोलीत अंधार. एक माशी मातीने माखलेली, एक घामाने निथळणारी. द्वारकेने कुणाच्याही तोंडाकडे बघितलं नाही. तिने आधी निथळणारीला हुंगलं.

"घोडा," ती म्हणाली. "सापडलीस, हौसे! बहीण म्हणायची लाज वाटते."

"अगं मी विमल! डोळे फुटले का? लाल पोट दिसत नाही?"

"दिसतंय. पण वास हौसाचा आहे." आणि द्वारकेने तिला मानगुटीला धरून ओढत नेलं आणि दाराबाहेर ढकलून दिलं.

मग ती परत आली. तिने हौसाला हुंगलं. आधी मातीचा वास, घरचा. त्याखाली विमलमावशीचा. दोन्ही जुळले. द्वारकेने नम्रपणे मान लववली.

"माफ करा हं, मावशी. आमच्या घरात तुम्हाला असा त्रास झाला."

हौसा तिच्याकडे बघत राहिली. द्वारकाही तिच्याकडे बघत होती. तिला हौसाचा चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता. पण चेहऱ्यावर जायचे दिवस आता गेले होते.

"असू दे गं," हौसा म्हणाली. "मला जरा ओली माती आणून दे. एवढं तोंड लिंपायचंय."

"मावशी, तुम्ही कशाला दमता? मी लिंपते," द्वारका म्हणाली. आणि जन्मात पहिल्यांदा तिने दुसरीच्या खोलीचं तोंड लिंपलं. अंडं सुखरूप राहिलं. बाहेर सूर्य केव्हाच मावळला होता.

हौसाने खोलीची फुटलेली भिंत लिंपली आणि मागचं भोक वळवून आतल्या बोळात काढलं. पुढच्या दोन दिवसांत त्या भोकाने आक्का आणि चांगुणा आत आल्या, हौसाच्या अंगाला अंग घासून विमलमावशीच्या भाच्या झाल्या. खऱ्या तीन भाच्यांवर झोपेत घाम उडवला गेला, आणि द्वारकेने त्या तिघींना एकामागून एक चोर म्हणून हाकललं. आक्काला भाची व्हायला जरा जड गेलं. "या वयात?" ती म्हणाली. पण मग तिला समजलं, की भाचीला कुणी लवकर उठवत नाही.

रोज सगळ्या मागच्या भोकाने कामाला जायच्या, मागच्या भोकाने यायच्या, आल्यावर घरच्या मातीत एकदा लोळायच्या. पुढच्या दारात द्वारका चोख पहारा द्यायची. आता त्या दारातून कुणी येत नव्हतं आणि कुणी जात नव्हतं. दरडीतल्या सगळ्यात सुरक्षित बिळाची राखणदार म्हणून तिचा सत्कार झाला. इतर बिळांतून माश्या तिची पद्धत शिकायला येऊ लागल्या. एकटी राहणारी बाईसुद्धा आली. ती परत गेल्यावर तिने स्वतःचा वास घेतला आणि दोन दिवस घराबाहेर बसून राहिली.

महिनाभराने हौसाच्या खोलीचं लिंपण आतून फुटलं. आधी एक डोकं आलं, मग हिरवेगार खांदे, मग पंख. ओले, चुरगळलेले. हौसा समोरच उभी होती. सकाळपासून उभी होती.

द्वारका आली आणि तिने लेकराला हुंगलं. "जुळतो," ती म्हणाली.

लेकराने डोळे उघडले. "माझी आई कुठाय?"

हौसाने तोंड उघडलं. पण द्वारका पटकन म्हणाली, "बाळ, तुझी आई हौसा. माती आणायला म्हणून गेली, ती वेळेवर आलीच नाही. नंतर घरात चोरी करताना सापडली. तू मनाला लावून घेऊ नकोस. ही विमलमावशी. हिनेच तुला वाचवलं. पाया पड."

लेकराने हौसाकडे बघितलं. खालपासून वरपर्यंत बघितलं. "ही तर अगदी माझ्यासारखी दिसते."

"दिसण्यावर जाऊ नये, बाळ," द्वारका म्हणाली. "आम्ही पण आधी दिसण्यावरच जायचो."

हौसाने द्वारकेकडे पाहिलं. मग लेकराचे चुरगळलेले पंख पाहिले. ते वाळायला अजून अर्धा दिवस लागणार होता. तोवर त्याला घरात राहायला हवं होतं.

"ये गं," हौसा म्हणाली. "मावशीकडे ये."

तात्पर्य: मुलांनो, आपल्या घरात सुखाने राहायचं असेल, तर पाहुणे होऊन राहावं. घरच्या माणसाला आपण घरचे आहोत हे रोज सिद्ध करावं लागतं. पाहुण्याला फक्त चहा घेणार का, एवढंच विचारतात.